घरचा परीक्षक

उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर चढली, की गाडीवानाचे डोळे आकड्याकडे लागतात. आमच्या आष्ट्याच्या पंचक्रोशीत हे दृश्य दर हिवाळ्यात पाहावयास मिळते. काटा खोटाच असतो असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळदा तो अगदी बरोबरही असेल. परंतु ऊस घेणाऱ्याचाच काटा आणि वजन लिहिणारा मनुष्यही त्याच्याच पगाराचा, यामुळे शेतकऱ्याच्या मनातील शंका काही केल्या जात नाही. कित्येक शहाणे शेतकरी वाटेवरच्या परक्या काट्यावर आधी वजन करून घेतात व मग कारखान्याची वाट धरतात. पदरचे चार पैसे जातात, पण रात्री झोप लागते.

काट्याची ही गोष्ट आज आठवण्याचे कारण निराळे आहे. सरकारच्या पैशाने विद्यापीठात जे संशोधन चालते, त्यातही असा एक काटा असतो. अमुक औषध गुणकारी आहे, अमुक बियाणे जास्त उतरते, अमुक खताने कंद कुजत नाही, हे ठरविणारा शास्त्रज्ञ म्हणजे वजन लिहिणारा मनुष्य. जी वस्तू तो तोलतो तिच्या विक्रीत त्याचा स्वतःचा, त्याच्या पत्नीचा किंवा भावाचा भाग असला तर काय करावे? सुशिक्षित कुटुंबांच्या मासिकात हा कोरडा विषय कशाला, असे काही भगिनींना वाटेल. परंतु आता घरोघरची मुले, सुना आणि जावई प्रयोगशाळांतून काम करू लागले आहेत. आणि हा प्रश्न आमच्या स्वतःच्या ओसरीवर येऊन बसला होता. ती हकीकत सांगण्यासारखी आहे, जरी तीत आमची शोभा फारशी नाही.

आमच्या थोरल्या बंधूंना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचे दोघे मुलगे व आम्ही एकाच घरात, एकाच चुलीवर आहोत. थोरला पुतण्या शेती पाहतो. हळदीला पावसाळ्यात कंदकूज लागते व उभे शेत पिवळे पडते, हे दुःख त्याने पुष्कळ भोगले. म्हणून काही वर्षांपूर्वी त्याने ट्रायकोडर्मा नावाच्या उपकारक बुरशीची भुकटी तयार करण्याचा लहानसा कारखाना काढला. भांडवल घरच्या सामाईक शिलकेतून उभे केले, आणि आमच्या निवृत्तीच्या रकमेतील दोन लाख रुपये आम्हीही त्यात घातले. धाकटा पुतण्या एका विद्यापीठात संशोधक आहे. त्यास सरकारी अनुदान मिळाले ते नेमके हळदीच्या कंदकुजीवरील जैविक औषधांची तुलना करण्यासाठी. बाजारातील पाच भुकट्या निवडल्या होत्या. त्यांत एक आमच्या घरची होती.

ही निवड धाकट्याने मुद्दाम केली असे नाही. त्याच्या वरिष्ठांनीच दुकानांतून नमुने आणविले होते. अनुदानाच्या कागदांत एक छापील अर्ज होता. या संशोधनाशी संबंधित कोणत्याही व्यवसायात आपला, आपल्या पत्नीचा वा आपल्यावर अवलंबून असलेल्या अपत्यांचा आर्थिक भाग आहे काय, असे त्यात विचारले होते. कारखाना थोरल्याच्या नावावर. तेव्हा ‘नाही’ हे उत्तर अक्षरशः खरे होते.

रात्री पंगतीत ही गोष्ट निघाली. धाकट्याची पत्नी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविते. ती वाढता वाढता म्हणाली, “काका, अर्जातल्या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते, खरे आहे. पण आपल्या घरी एकाच चुलीवर शिजते, हे अर्ज छापणाऱ्याला कुठे ठाऊक आहे?”

थोरला हातातला घास ठेवून म्हणाला, “म्हणजे मी चोर ठरलो?”

“दादा, तुम्ही चोर नाही, म्हणून तर लिहायचे,” धाकटा म्हणाला.

वाचकांनी आमच्याकडून काय अपेक्षा केली असेल ते आम्ही जाणतो. सारा जन्म मुलांना सत्यवचनावर निबंध लिहावयास लावलेला मनुष्य सुनेची बाजू घेईल, असेच कोणासही वाटेल. परंतु आम्ही म्हणालो, “जेवढे विचारले आहे तेवढेच लिहावे. आगाऊ शहाणपण कशाला?” हे बोलताना आम्हांस आमचे दोन लाख आठवत होते, हे त्या क्षणी आमच्या ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आले.

हितसंबंधाचे सारे मर्म यातच आहे, असे आम्हांस तेव्हापासून वाटू लागले. लाच घेणारा मनुष्य आपण लाच घेतो हे जाणतो. कौटिल्याने सरकारी द्रव्य गिळण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेवले आहेत, ते सर्व जाणूनबुजून करावयाचे आहेत. हितसंबंध ही चोरी नव्हे. तो एक कल आहे, आणि ज्याचा तोल कलतो त्यालाच तो कळत नाही. शास्त्रज्ञ आकडे बदलीत नाही. पण रोगट रोपे मोजताना एखादे रोप ‘जरासेच’ पिवळे दिसले तर ते निरोग्यांत धरावे की रोग्यांत, हे त्याचा डोळा ठरवितो. शंभर रोपांत अशी दहा निघाली, की निकाल फिरतो.

आमच्या जुन्या शास्त्रकारांनी हे ओळखले होते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात साक्षीस कोण अपात्र, त्याची यादी आहे. तीत तस्कर आणि शत्रू तर आहेतच, परंतु त्यांच्याबरोबर ज्याचा त्या व्यवहारात अर्थसंबंध आहे तो, आणि आप्त, हेही बसविले आहेत. त्याच यादीत स्त्रियांचेही नाव आहे. ते आम्हांस मुळीच मान्य नाही. आमच्या पंगतीतील एकुलती एक निर्मळ साक्ष कोणाची होती हे वर आलेच आहे. पण ‘आप्त’ या शब्दाकडे पाहा. नैयायिकांच्या मते आप्त म्हणजे जसे असेल तसे सांगणारा, ज्याचे वचन प्रमाण मानावे तो. धर्मशास्त्रात तोच शब्द नातलगाला लागतो, आणि नातलग म्हणून साक्षीतून बाद होतो. आज मराठीत त्याचा दुसराच अर्थ तेवढा उरला आहे. एकाच प्रकरणात मनुष्याने या दोन्ही अर्थांनी आप्त असू नये, एवढीच या नव्या नियमांची मागणी आहे.

हे नियम प्रथम अमेरिकेत नीट बांधले गेले, आणि त्याला कारणही तसेच घडले. १९८० साली तेथे एक कायदा झाला, ज्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचे पेटंट विद्यापीठास आपल्याकडे ठेवता येऊ लागले. तोवर पुष्कळसे शोध सरकारी कपाटांत पडून राहात. कायद्याने कपाटे उघडली हे खरे, पण अध्यापकाच्या व विद्यापीठाच्या हाती तराजूबरोबर गल्लाही आला. आम्हां सांगलीकडील लोकांस या पेटंटांची ओळख हळदीमुळे झाली. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठातील दोन संशोधकांना जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट तेथे मिळाले. आजीबाईच्या बटव्यातील हळद! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आमच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली हरकत घेतली, जुने संस्कृत व इतर ग्रंथांचे दाखले पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले. त्या वेळी सांगलीच्या पेठेत जो आनंद झाला तो आम्ही पाहिला आहे. आमचा वाळवे तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता, १९४९ साली दक्षिण साताऱ्यात गेला, १९६० पासून तो जिल्हा सांगली म्हणवतो. जिल्ह्याचे नाव इतके वेळा फिरले तरी हळदीचा अभिमान तसाच राहिला. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक निर्देशांकाचा मानही मिळाला.

पण हळदीचा प्रश्न मालकीचा होता. प्राणाचा प्रश्न १९९९ साली उभा राहिला. जेसी गेल्सिंगर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा, यकृताच्या एका दुर्मिळ जन्मजात विकाराने आजारी, पण औषधे व पथ्य यांवर बरा चाललेला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सरकारी साहाय्याने जनुकोपचाराचा प्रयोग चालू होता, त्यात तो स्वेच्छेने सामील झाला. आपल्या रोगाने जन्मणाऱ्या बालकांना उपयोग होईल, ही त्याची भावना. औषध टोचल्यावर चार दिवसांत, १७ सप्टेंबर रोजी, तो गेला. नंतर चौकशीत जे बाहेर आले त्यात एक गोष्ट अशी, की प्रयोगाच्या संस्थेचे प्रमुख डॉ. जेम्स विल्सन यांनीच त्या क्षेत्रातील एक कंपनी स्थापिली होती, तीत त्यांचा भाग होता आणि विद्यापीठाचाही होता. प्रयोगासंबंधी सरकारने केलेले आरोप २००५ साली तडजोडीने मिटले; विद्यापीठाने पाच लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरली, चूक मात्र कबूल केली नाही.

येथे एक बारकावा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तो हितसंबंध लपविलेला नव्हता. विद्यापीठाच्या समितीसमोर तो आला होता, आणि जेसीच्या संमतिपत्रातही त्याचा उल्लेख होता. म्हणजे कागद सर्व जागच्या जागी होते. नुसते जाहीर केले म्हणजे दोष गेला, असे समजणाऱ्यांनी या मुलाचे स्मरण ठेवावे. लांबलचक कागदातील एक वाक्य वाचून बापाने काय समजावे?

त्या देशात १९९५ पासूनच आरोग्यसंशोधनाच्या अनुदानास नियम लागू होते. २०११ साली ते अधिक कडक केले. संशोधकाने स्वतःचे, पत्नीचे वा पतीचे व अवलंबून असलेल्या मुलांचे हितसंबंध आपल्या संस्थेस कळवावयाचे. बारा महिन्यांत पाच हजार डॉलरांवर गेलेली प्राप्ती वा भाग नोंदीस पात्र. पूर्वी ही मर्यादा दहा हजारांची होती. संबंध संशोधनावर परिणाम करील की नाही, हे ठरविणे संशोधकाकडे नाही, संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आहे. ही गोष्ट फार महत्त्वाची. परिणाम करील असे ठरले, तर उपाय आखून द्यावयाचा: कधी नुसती जाहीर नोंद, कधी त्रयस्थाची देखरेख, कधी प्रयोगाच्या एखाद्या भागातून त्या मनुष्यास दूर ठेवणे, आणि अगदीच तेढ असली तर भाग विकावयास लावणे. सर्वांना एकच काढा पाजावयाचा नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडेही २००८ साली सार्वजनिक पैशातून निर्माण होणाऱ्या बौद्धिक संपदेचे एक विधेयक राज्यसभेत मांडले गेले. अमेरिकेच्या १९८० च्या कायद्याचेच ते धाकटे भावंड होते, पण त्याचा कायदा झाला नाही. हितसंबंधाचा प्रश्न मात्र कायद्याची वाट पाहात थांबला नाही. पेटंट कायद्यासंबंधी सरकारने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाचा अहवाल २००६ च्या अखेरीस आला. मंडळाचे अध्यक्ष डॉ. माशेलकर. त्यातील काही मजकूर एका निबंधाशी जवळजवळ शब्दशः जुळतो, आणि त्या निबंधामागील काम औषध कंपन्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पैशाने झालेले आहे, असे वृत्तपत्रांत आले. फेब्रुवारी २००७ मध्ये डॉ. माशेलकरांनी स्वतः होऊन अहवाल परत घेण्याची विनंती केली; दुरुस्त अहवाल २००९ साली सादर झाला. ज्यांनी हळद सोडवून आणली, त्यांच्या सचोटीविषयी आम्ही तिळमात्र शंका घेत नाही. उलट याच कारणाने हे उदाहरण आम्हांस मोलाचे वाटते. मजकूर कोठून आला आणि त्याच्या पाठीमागे कोणाचे पैसे होते, याची नोंद वाटेत गळली, तर एवढ्या मोठ्या माणसाच्या कामावरही प्रश्नचिन्ह उभे राहते.

वांग्याची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. जालन्याच्या महिको कंपनीचे बीटी वांगे, आणि त्याच्या कामात धारवाड व कोइमतूर येथील कृषिविद्यापीठे सामील. ऑक्टोबर २००९ मध्ये संबंधित समितीने त्यास संमती दिली. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावोगाव सभा घेतल्या, त्यांतील एक नागपुरास झाली, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी ते वांगे थांबविले. त्यांच्या कारणांत एक कारण सरळ आमच्या काट्याचे होते: चाचण्या ज्याने वाण तयार केले त्यानेच करविल्या, स्वतंत्र प्रयोगशाळेत झाल्या नाहीत, यामुळे शंकेस जागा राहते. वांगे खाण्यास वाईट होते, असे त्याने सिद्ध झाले काय? नाही. चांगले होते असेही सिद्ध मानता येईना, एवढेच. पुढे २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात मोहरीच्या वाणासंबंधी दोघां न्यायमूर्तींचे मत भिन्न पडले. त्यानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस पर्यावरण मंत्रालयाने मसुदा प्रसिद्ध केला, की मंजुरी देणाऱ्या समितीच्या सभासदांनी आपले हितसंबंध आधी लेखी सांगावे आणि त्या विषयाच्या वेळी बाजूस व्हावे. वांग्यानंतर चौदा वर्षांनी!

अध्यापकांसाठी २०१९ साली केंद्रीय शिक्षण खात्याने नवउद्योगांचे धोरण काढले आहे, तेही घरात ज्यांचे कोणी प्राध्यापक असतील त्यांनी वाचावे. प्राध्यापकास कंपनी काढता येते. संस्थाही तीत दोन ते साडेनऊ टक्के भाग घेऊ शकते. परंतु संस्थेतील संशोधन व कंपनीचे काम स्पष्ट वेगळे ठेवावयाचे, संस्थेच्या नोकरांना कंपनीच्या कामास जुंपावयाचे नाही, कंपनीकडून भेटी स्वीकारावयाच्या नाहीत. चांगले नियम आहेत. फक्त संस्थाच भागीदार झाली, तर तिच्यावर कोणी लक्ष ठेवावे, हा पेनसिल्व्हेनियाचाच प्रश्न पुन्हा येतो.

व्यापाराशी संबंधच नको, असे म्हणणारे सोवळे लोकही असतात. त्यांच्याशी आमचे जमत नाही. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राने ‘फुले स्वरूपा’ हे वाण काढले, पाडेगावच्या केंद्राने उसाची वाणे दिली. ती शेतापर्यंत पोचली म्हणून त्यांचा उपयोग. शेतकऱ्यास व व्यापाऱ्यास कधीच न भेटणारा शास्त्रज्ञ अहवाल लिहील, हळद पिकविणार नाही. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तर साखर कारखान्यांच्याच पाठबळावर उभी आहे, आणि ते उघड आहे; उघड आहे म्हणून ऐकणारा त्याप्रमाणे तोलून ऐकतो.

आमच्या घराचा प्रश्न मात्र यांपैकी कोणत्याच नियमात बरोबर बसत नव्हता. अमेरिकेचा नियम पत्नी व मुले यांच्यापाशी थांबतो. आमचा २०१३ चा कंपनी कायदा अधिक जाणता आहे: त्यातील ‘नातलगां’त हिंदू अविभक्त कुटुंबाचे सभासद पहिल्यानेच येतात, पुढे पतिपत्नी, आईबाप, मुलगे, सुना, मुली, जावई, भाऊ, बहिणी. म्हणजे त्या कायद्याने थोरला भाऊ नातलग ठरतो; आणि काका एरवी ठरत नसता, तो अविभक्त कुटुंबामुळे ठरतो. परंतु संशोधनाचा अर्ज कंपनी कायद्याप्रमाणे छापलेला नव्हता. ज्यांची कुटुंबे चौकोनी, त्यांनी केलेला अर्ज आमच्या चौसोपी घरास आखूड पडत होता.

धाकट्याने अर्जावर ‘नाही’ लिहिले व खाली स्वतंत्र पत्र जोडले. त्यात भावाचा कारखाना, सामाईक शिलकेतील रक्कम आणि काकांचे दोन लाख, सर्व लिहिले. पाठविण्यापूर्वी ते त्याने आम्हांस वाचून दाखविले. आम्ही एक शुद्धलेखनाची चूक काढली. याहून अधिक बोलण्याचे धैर्य त्या वेळी आमच्याजवळ नव्हते.

संस्थेने त्यास प्रकल्पावरून काढले नाही. पाचही भुकट्या एकसारख्या पाकिटांत भरून त्यांवर केवळ अंक घातले. कोणता अंक कोणाचा, ती यादी दुसऱ्या विभागाच्या अध्यापकाकडे लखोट्यात बंद. रोगट रोपांची मोजणी त्याच्या हातून काढून दोघां परक्या मदतनिसांस दिली. गणित पुरे होऊन सह्या झाल्यावर लखोटा उघडावयाचा, आणि निबंध छापताना त्यात कुटुंबाच्या भागाचा उल्लेख करावयाचा. हे सारे ऐकून थोरला म्हणाला, “घरच्या मुलाला घरची हळद मोजता येत नाही!” आणि उठून गेला.

लागवड उन्हाळ्याच्या अखेरीस झाली, भाद्रपदात रोग दिसू लागला, माघात काढणी. लखोटा उघडला तेव्हा असे निघाले, की काहीच न घातलेल्या वाफ्यांपेक्षा आमची भुकटी पुष्कळ बरी. पण तिच्या निम्म्या किमतीच्या एका भुकटीहून ती रतिभरही सरस नाही. थोरल्याने पाकिटांवर ‘सर्वांत प्रभावी’ असे छापून घेतले होते. एका मोठ्या विक्रेत्याचा सौदा तेवढ्यावर ठरत आला होता, तो मोडला. त्या वर्षी गणपतीच्या आरतीस दोघे भाऊ शेजारी उभे राहिले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. घरातील बायकांनी ते महिने कसे काढले, ते त्यांचे त्यांना ठाऊक.

नवीन पाकिटांवरून ते दोन शब्द गेले आहेत, किंमतही उतरविली आहे. जुनी छापील पाकिटे माळ्यावर गठ्ठ्याने पडून आहेत. सूनबाई त्यांत पापडखार ठेवते. आमचे दोन लाख अजून कारखान्यातच आहेत, आणि ते परत मागावेत असे आम्हांस वाटत नाही. यंदा अक्षय्यतृतीयेनंतर मळ्यात सेलम लावली, तेव्हा थोरल्यानेच अर्ध्या सऱ्यांत आपली भुकटी घालविली आणि अर्ध्यांत ती दुसरी, स्वस्त. खुणेच्या काठ्या कोठे कोणत्या रोवल्या ते त्याने घरात कोणास सांगितलेले नाही. भाद्रपदात रोपे मोजावयास शेजारच्या मळ्यातील पाटलांचा मुलगा यावयाचा आहे.